पट्टीवरचे पिवळे कण

डोंबिवली, रविवार, २२ नोव्हेंबर १९५३

शाळेत मुलींना मी सांगते, आधी मुद्दा लिहा, पाल्हाळ नंतर. तेव्हा मुद्दा असा : मधूला कॅन्सर आहे.

लिहून झाले. शाईसुद्धा वाळली.

शुक्रवारी मुंबईला त्याचे पोट उघडले. मागच्या वर्षी अपेंडिक्स फुटून तो मरता मरता वाचला होता, त्याच जागी उजव्या बाजूला लाकडासारखी टणक गाठ झाली आहे. मोठे सर्जन बाहेर आले ते आमच्या वडिलांना, अण्णांना टाळून माझ्याशीच बोलले. "सगळ्या आतड्यांना चिकटली आहे, बाई. तुकडा काढण्यातही अर्थ नव्हता. शिवून टाकलं. चार-सहा महिने मिळतील. घरी न्या." अण्णा माझ्या पाठीमागून विचारत राहिले, "म्हणजे निघाली ना गाठ? निघाली ना?"

मधु एकोणतीस वर्षांचा आहे. चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी, ठाकुर्लीपर्यंत रोज चालत जातो. जात होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी पंधरा. तेव्हापासून त्याचे जेवण, त्याचा गोवर, त्याची मॅट्रिक, सगळे माझ्याकडे. लोक विचारतात, लग्न का नाही केले. वेळ झाला नाही, असे मी सांगते आणि ते खरेच आहे.

दीड वर्षापूर्वी त्याचे लग्न झाले. मंदाकिनी कळव्याच्या एका वैद्यांची मुलगी, वीस वर्षांची. स्थळ अण्णांनी पाहिले. मी नाही म्हटले नव्हते.

तिला काही सांगायचे नाही असे मी ठरवले आहे. पोर आहे, कोसळेल, आणि तिच्या तोंडावरून मधूला कळेल. अण्णा म्हणाले, "उत्तरा, अगं, बायको आहे ती त्याची." मी म्हटले, "म्हणूनच."

रविवार, २९ नोव्हेंबर

स्टेशनवरून टांग्याने घरी आणला. टांगा उसळला की मी आणि मंदाकिनी दोघी एकदम त्याचे पोट धरत होतो, त्यामुळे हातावर हात पडत होते. शेवटी मी म्हटले, तू मागे बस.

डॉक्टर गुप्ते संध्याकाळी येऊन गेले. आपल्याच आळीतले डॉक्टर, मधूला लहानपणापासून पाहिलेले. मुंबईची चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. अण्णांनी नेहमीचे सुरू केले, हळदीचे गरम पोटीस बांधू का? डॉक्टर कडाडले, "अण्णासाहेब, ताज्या जखमेवर हळद घातलीत तर मी या घराची पायरी चढणार नाही." अण्णांचे तोंड उतरले. बरे झाले. अण्णांच्या मते आमच्या घरात आजवर हळदीने काय बरे केले नाही ते विचारा.

शुक्रवार, ११ डिसेंबर

टाक्यांच्या कोपऱ्यात जखम फुटली. दाट पू येतो आणि घाण वास. डॉक्टर म्हणाले, गाठ बाहेर तोंड करते आहे, हे अपेक्षितच होते. दिवसातून दोनदा पट्टी बदलायची. जुन्या धोतराच्या पट्ट्या उकळून, उन्हात वाळवून.

सकाळची पट्टी मी करते. दुपारी मला ठाण्याला शाळा असते, म्हणून दुपारची मंदाकिनीकडे द्यावी लागली. तिला तीनदा करून दाखवले. हात हलका आहे म्हणे तिचा. असे मधु म्हणतो.

मी पट्टी करताना तो डोळे मिटून घेतो आणि "ताई, झालं का?" म्हणून विचारतो.

शनिवार, १९ डिसेंबर

अर्ध्या दिवसाची शाळा म्हणून लवकर परतले. ओट्यावर चप्पल काढत होते तो आतून दोघांचे हसणे ऐकू आले. पट्टी चालू होती. मधूला हसवले की पोट ताणते एवढी अक्कल या मुलीला नाही. मी चांगलीच बोलले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. नंतर दोन घास जेवला असेल. रोगाने भूक मारली आहे.

मग मी विहिरीवर जाऊन रडले. पाणी शेंदताना रडले की कोणी विचारत नाही. सखुबाईने मात्र विचारलेच. ती खालच्या पाड्यातली, आमचे पाणी भरते. "काय झाला गो बाय?" मी म्हटले, दोर हाताला लागला.

रविवार, २७ डिसेंबर

आज मधु बरा बोलला. मला म्हणाला, "ताई, मंदाला पुढे शिकव. सातवी झालीये तिची. तुझ्या शाळेच्या बाईंना सांगून ट्रेनिंगला घालता येईल का बघ."

मी म्हटले, "तू बरा झालास की बघू."

"आत्ताच बघ. मी म्हणतो म्हणून बघ."

कसला हा भलता उत्साह! आजारी माणसाला काहीबाही सुचते. मी उशी नीट केली आणि विषय बदलला. तो माझ्याकडे बघून हसला, लहानपणी मी गोष्टीचा शेवट विसरायची तेव्हा हसायचा तसा.

संध्याकाळी ताप रोजचाच. खांद्याची हाडे वर आली आहेत. देवा, मी तुला एवढे काही मागितले नव्हते आजवर.

गुरुवार, १४ जानेवारी १९५४

संक्रांत. मंदाकिनी काळी चंद्रकळा नेसली. मधूने तिला कॉटजवळ बोलावून तिळगूळ दिला आणि बराच वेळ बघत राहिला. मी स्वयंपाकघरात निघून आले. पुढच्या संक्रांतीला ही मुलगी कशी दिसेल ते मला ठाऊक आहे आणि तिला नाही. कुंकू रेखताना ती आरशापुढे जरा जास्तच वेळ उभी होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, काय सांगावेसे वाटले ते लिहिण्याचे बळ नाही.

आजपासून रथसप्तमीपर्यंत आळीत रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू. मी तिला म्हटले, जात जा. घरात सगळे सुरळीत आहे असे दिसलेले बरे. मलाही बोलावणी येतात, पण पोरीसोरींच्या रांगेत बसून वाण घेण्याचे माझे वय आता राहिले नाही.

सोमवार, १८ जानेवारी

डॉक्टर गुप्त्यांनी आज स्वतः पट्टी सोडली. कापडावर पुवात बारीक पिवळे कण, रव्याएवढे. डॉक्टरांचा आवाज चढला, "हे काय आहे? हळद घातलीत ना शेवटी? मी काय सांगितलं होतं?"

माझी मान खाली. एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी म्हटले, "डॉक्टर, मी शोधून काढते."

मंगळवार, १९ जानेवारी

शोधायला लांब जावे लागले नाही. शाळेतून आले तेव्हा मंदाकिनी मधूची पट्टी बांधत होती आणि तिची बोटे पिवळी. नखांपर्यंत पिवळी! पट्टीवर तेच कण.

"हे काय?"

"हळद, वन्सं. मंडलीकांकडे गेले होते हळदीकुंकवाला. हात धुतले होते मी. जात नाही ती लगेच."

"आणि जखमेत कशी गेली?"

"जखमेत नाही घातली. देवाशपथ नाही."

"तुझ्या वडिलांनी पुडी दिली असेल. खरं सांग."

यावर ती एकदम ताठ झाली. म्हणाली, "बाबांना यात ओढू नका. ते मला म्हणाले, डॉक्टर सांगतील तसंच कर." मग रडायला लागली. मधु उठून बसायचा प्रयत्न करत होता. "ताई, पुरे. ताई, तिनं नाही केलं." त्याला धाप लागली, अंगभर घाम फुटला. त्याची ती अवस्था पाहून माझे डोके फिरले. मी म्हटले, बांधाबांध कर. तो बरा होईपर्यंत कळव्याला रहा.

बरा होईपर्यंत. माझ्याच तोंडून हे शब्द गेले.

अण्णा तिला पोहोचवून आले. मी जे केले ते मधूसाठी केले. कुणीतरी वाईट व्हायला हवे होते, मी झाले.

रविवार, २४ जानेवारी

शाळेतून रजा घेतली आहे. दोन्ही वेळच्या पट्ट्या आता माझ्याच हातच्या, त्यामुळे स्वच्छतेची काळजी उरली नाही.

मधु मऊ भातही गिळत नाही. भरवायला गेले की तोंड मिटून घेतो. रोग झपाट्याने वाढतो आहे. डॉक्टरांना विचारले, इतका अचानक कसा? ते म्हणाले, "कधी कधी माणूस सोडून देतो, बाई." काय सोडून देतो ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

रात्रंदिवस त्याच्याजवळ बसते. तो मला काही मागत नाही. पाणीसुद्धा अण्णांकडे मागतो.

गुरुवार, २८ जानेवारी

कण पुन्हा आले.

माझ्या हातच्या पट्टीवर, मी उकळलेल्या कापडावर! मंदाकिनी घरात नसताना. म्हणजे अण्णा. मी न्हायला गेले की घालत असणार. मी पट्टी घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले. अण्णा पान लावत होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उत्तरा, हळद घातली असती तर बरं झालं असतं. निदान काहीतरी केलं असं वाटलं असतं. तुम्ही मला माझ्या मुलासाठी काहीच करू दिलं नाहीत." आणि माझ्यासमोर हे ऐंशीला टेकलेले गृहस्थ हमसून रडले.

तरीही मी विश्वास ठेवला नाही. हळदीचा डबा उचलला आणि सखुबाईच्या ओटीत रिकामा केला. "हलद कोन टाकतं गो बाय? येरी झालीस काय?" म्हणत ती पदर सावरत गेली. आमटीसुद्धा पांढरी केली आज. घरात हळदीचा कण ठेवला नाही.

शुक्रवार, २९ जानेवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी पट्टी सोडली. कण होते. मी एक कण बोटावर घेऊन चोळला. बोट पिवळे झाले नाही. कण मऊ, चिकट, दाबला की चपटा होणारा. हळद अशी असते का? मग अण्णांच्या पानाच्या डब्यातला चुना आणला. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू तसेच तर होते, हे शेंबड्या पोरीला ठाऊक असते. मी सातवीच्या वर्गात हा प्रयोग दरवर्षी करून दाखवते. बशीत चुना घेतला, त्यावर कण ठेवले, वाट पाहिली.

पिवळेच राहिले.

पुन्हा केले. पुन्हा पिवळेच. शेजाऱ्यांकडून चिमूटभर हळद मागून आणली आणि बशीच्या दुसऱ्या कडेला तीच घातली. ती क्षणात लालभडक झाली.

म्हणजे कोणीच हळद घातली नव्हती. हे कण आतूनच येत आहेत. मंदाकिनीची बोटे डोळ्यांपुढून हलेनात. दहा दिवस ती कळव्याला आहे आणि तिने काहीच केलेले नाही.

पण पोटातून पिवळे कण येतात म्हणजे काय? गाठ आता सडू लागली की काय? हे मी कोणाला विचारू?

शनिवार, ३० जानेवारी

पट्टी काचेच्या बाटलीत घालून डॉक्टर गुप्त्यांकडे नेली. चुन्याचा प्रयोग सांगितला. मला वाटले हसतील. ते हसले नाहीत. बाटली उजेडात धरली, हलवली आणि खुर्चीत बसले.

"मी हळद म्हणालो," ते म्हणाले. "मी डॉक्टर असून हळद म्हणालो."

"काय आहे ते?"

"कॉलेजात एकदा काचेखाली पाहिलं होतं. सरांनी सांगितलं होतं, आयुष्यात पुन्हा बहुधा दिसणार नाही. उत्तराबाई, मी आत्ता काही बोलत नाही. मला चूक करायची नाहीये पुन्हा." तसेच उठले, दवाखाना बंद केला आणि बाटली घेऊन कल्याणला गेले. तिथे त्यांच्या एका मित्राकडे सूक्ष्मदर्शक आहे.

मी घरी आले. मधूला काही सांगितले नाही. आशा मला नको आहे. आशेने माणूस जास्त मरतो.

बुधवार, ३ फेब्रुवारी

कॅन्सर नाही.

कॅन्सर नाही. कॅन्सर नाही.

डॉक्टर गुप्ते ओट्यावरच बोलायला लागले. कण दोन काचांमध्ये दाबून पाहिले तर आत तंतूंचा गुंता निघाला. एका जंतूची वसाहतच म्हणे. नाव लांबलचक, अ‍ॅक्टिनोमायकोसिस. हा जंतू माणसाच्या तोंडात, आतड्यात असतोच, बिचारा गुमान असतो. अपेंडिक्स फुटले तेव्हा आतड्यातून बाहेर पडला आणि वर्षभर सावकाश गाठ बांधत बसला. हाताला अगदी कॅन्सरसारखी लागते. उघडून पाहिले तरी डोळा फसतो. फार थोड्यांना होतो, म्हणून कोणाच्या मनात येत नाही.

"औषध आहे?"

"पेनिसिलिन. भरपूर आणि रोज. सहा महिने, वर्षही लागेल. पण उशीर झालाय, बाई. त्याच्या अंगात काही उरलेलं नाही. मी वचन देत नाही."

मी त्यांचे पाय धरले. ते मागे सरकले. म्हणाले, "माझे नका धरू."

पहिले इंजेक्शन लगेच दिले. आत जाऊन मी मधूला सांगितले. म्हणजे, तुला कॅन्सर होता असे आम्हाला वाटत होते, पण तो नाही, असे काहीतरी विचित्र बोलले. तो म्हणाला, "मला माहीत होतं ताई, तुम्हाला काय वाटतं ते. तू संक्रांतीला मंदाकडे ज्या नजरेनं बघत होतीस ना." मग डोळे मिटून म्हणाला, "तिला आण."

मंगळवार, ९ फेब्रुवारी

ताप एका अंशाने कमी. गाठ तशीच. भात अजून नको म्हणतो.

मधूने पुन्हा विचारले. मी म्हटले, ताप पुरता उतरू दे, मग आणते. आताच आणली आणि काही उलटेसुलटे झाले तर तिला दुहेरी धक्का. शिवाय इंजेक्शनची वेळ, पट्टीची वेळ, नवीन माणसाने सगळे विस्कटेल. अण्णा म्हणाले, "नवीन माणूस कोण?" आजकाल अण्णा फार बोलतात.

शनिवार, १३ फेब्रुवारी

काल रात्री मधूला ग्लानी आली. नाडी लागेना. डॉक्टर पहाटेपर्यंत बसून होते. शुद्धीवर आला तेव्हा मी त्याचा हात धरला होता आणि तो त्या हाताकडे बघून म्हणाला, "मंदा?"

मी हात सोडला.

रविवार, १४ फेब्रुवारी

ठाण्याला उतरून खाडीच्या पुलावरून चालत कळव्याला गेले. शाळेपासून हे घर काही मिनिटांवर आहे. एवढ्या दिवसांत एकदाही वळले नाही.

वैद्यबुवा ओटीवर होते. "या उत्तराताई," म्हणून त्यांनी मला पाट दिला. मला त्याचा चटका बसल्यासारखे वाटले. मंदाकिनी आतून आली. वाळली आहे. तिने पहिल्यांदा एवढेच विचारले, "कसे आहेत?"

मी बसले नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. ऑपरेशन, सर्जन काय म्हणाले, कण, चुना, कल्याणची काच, परवा रात्रीची नाडी. शेवटी म्हटले, "माझं चुकलं. हळद तू घातली नव्हतीस."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "कॅन्सर," ती म्हणाली. "तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

"ऑपरेशनच्या दिवसापासून."

"मामंजींना?"

"हो."

"आणि त्यांना?"

"तो ओळखून होता."

"म्हणजे घरात एकटी मीच." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरे वाटले असते. "हळदीचं जाऊ द्या, वन्सं. हळदीचं मी केव्हाच सोडून दिलं. पण ते चालले आहेत हे ठाऊक असताना तुम्ही मला घराबाहेर काढलंत. मी इथे तांदूळ निवडत बसले असते आणि तिकडे ते गेले असते. मग मला सांगायला कोण येणार होतं? तुम्हीच ना? काय सांगणार होतात?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असते. शाळेत त्यामुळेच मुली मला घाबरतात. मी म्हटले, "मी एवढा विचारच केला नव्हता."

"तुम्ही माझा कधीच केला नाहीत," ती म्हणाली आणि ट्रंक भरायला आत गेली.

परत येताना गाडीत ती खिडकीशी बसली आणि डोंबिवली येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. घरी आल्यावर मधूने तिला पाहिले आणि दोन्ही हात वर केले, उचलून घ्यायला सांगणाऱ्या मुलासारखे. ती त्याच्यापाशी वाकली. मी डोळे दुसरीकडे वळवले, पण मला तिथून हलता येईना.

थोड्या वेळाने तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखेसुद्धा घासली, आणि ते हात मला दिसतील असे वर धरून माझ्यापुढे उभी राहिली. "बघून घ्या, वन्सं." मी बघितले नाही. मला तिच्या डोळ्यांकडेही बघवेना.

"पट्ट्या द्या," ती म्हणाली.

मी दिल्या. इंजेक्शनची वेळ सांगितली, पट्टी किती घट्ट बांधायची ते सांगितले, उशी कुठे ठेवायची तेही. ती सगळे ऐकून घेत होती आणि तोवर तिची बोटे गाठ सोडत होती. मधु तिच्याकडे बघत होता, डोळे उघडे ठेवून. माझे सांगून संपले तरी मी कॉटच्या पायथ्याशी उभीच होते.

मंदाकिनीने मान वर केली नाही. "जाताना दार ओढून घ्या," ती म्हणाली.

मी ओढून घेतले. बाहेर अण्णा म्हणाले, "तू इथे काय करते आहेस?" मी उद्याच्या पट्ट्यांचे पाणी तापत ठेवायला गेले.